ड्रॉइंगमध्ये सहा पाती

साताऱ्याच्या पंपांच्या कारखान्यात मला नोकरी लागली ती माझ्या इंग्रजीमुळे, आणि माझं इंग्रजी चांगलं आहे हा समज मीच पसरवलेला होता. वाईला आमच्या घरी सकाळी वडील पूजा सांगत आणि मी शेजारच्या पाटावर बसून डिक्शनरी पाठ करी. त्यामुळे मंत्र आणि इंग्रजी दोन्ही माझ्या डोक्यात सारखीच पवित्र आणि सारखीच अर्थाविना जाऊन बसली. बी.ए. होऊन शाळेत मास्तर व्हायचं ठरलं होतं, तेवढ्यात जाहिरात दिसली. परदेशी कंपनीशी पत्रव्यवहार करू शकणारा तरुण हवा होता. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, पंप कसा चालतो? मी म्हणालो, समाधानकारक. ते हसले आणि त्यांनी मला ठेवून घेतलं. अज्ञानी माणूस त्यांना हवाच होता, हे मला पुढे कळलं.

बहात्तरचा दुष्काळ सरून थोडाच काळ गेला होता. विहीर, ओढा, नदी, जिथं ओल दिसेल तिथं पंप बसवायची चढाओढ जिल्ह्यात लागली होती. आमचे साहेब सांगलीच्या हळदीच्या व्यापारातले. त्यांनी पश्चिम जर्मनीतल्या एका पंपवाल्या कंपनीशी तांत्रिक सहकार्याचा करार केला होता. दिल्लीची परवानगी आली, हार घातले गेले, आणि जाडजूड करार माझ्या टेबलावर येऊन पडला. तो सांभाळणं हेच माझं काम. हुद्दा कोलॅबोरेशन असिस्टंट. आईने वाईत सांगितलं की मुलगा जर्मन लोकांना मदत करतो.

करार थोडक्यात असा होता. ड्रॉइंगं जर्मनांची, लोखंड आणि घाम आमचा. ड्रॉइंगं लोखंडी कपाटात कुलपात ठेवायची, बाहेरच्या कुणाला दाखवायची नाहीत. ड्रॉइंगात एका केसाचाही फरक करायचा असेल तर डेव्हिएशन फॉर्म तीन प्रतींत भरून तिकडे पाठवायचा आणि उत्तराची वाट बघायची. आमच्या डोक्यातून काही सुधारणा निघालीच, तर तीही त्यांची. दर सहा महिन्यांनी अहवाल पाठवायचा, त्यात लिहायचं की सर्व काही ड्रॉइंगप्रमाणे चाललं आहे. शिवाय दर वर्षी आमचा एक कारागीर तीन महिने त्यांच्याकडे शिकायला जाईल, मात्र त्याला त्यांची लेखी संमती लागेल.

कपाटाची किल्ली मी जानव्याला बांधली होती. कारखान्यातली माणसं म्हणत, मास्तर अंगाला साबण लावताना जर्मनीला पण लावतो. मला मास्तर हे नाव त्यांनीच ठेवलं होतं.

आता मिस्त्रींबद्दल. फौंड्रीत ओतकामासाठी आधी लाकडाचा नमुना करतात, त्याला पॅटर्न म्हणतात. तो वाळूत दाबला की त्याच्या आकाराचा खळगा होतो आणि त्यात वितळलेलं लोखंड ओततात. आमच्याकडचे पॅटर्न करणारे मिस्त्री तासगावकडचे, पंचेचाळिशीचे, उंचीला माझ्या खांद्याएवढे. दोन मुली, बायको, फौजेतला एक भाऊ. बोलायला बसले की लाकडाबद्दलच बोलायचे. सागाचा तुकडा हातात घेऊन तो वासानेच कुठल्या जंगलातला आहे ते सांगायचे. मी एकदा परीक्षा घ्यायची म्हणून माझ्या टेबलाचा कोपरा हुंगायला लावला. म्हणाले, हे लाकूडच न्हाई मास्तर, भुसा दाबलाय. टेबल कोलॅबोरेशनच्या उद्घाटनासाठी खास आणलेलं होतं.

पंपाच्या पोटात लोखंडाचा पंखा असतो. तो फिरतो आणि पाणी वर ढकलतो. जर्मन ड्रॉइंगमध्ये त्या पंख्याला सहा पाती होती. पहिल्या हंगामात पंप विकले गेले आणि दोन महिन्यांत बैलगाडीतून परत यायला लागले. उंब्रजकडचा एक शेतकरी तर पंप गेटाबाहेर उतरवून त्याच्यावर बसून राहिला, आत यायला तयार नाही. मिस्त्रींनी तिथंच पंप उघडला. आत वाळू, पाला आणि उसाची चिपाडं गच्च बसलेली.

मिस्त्री माझ्याकडे आले. म्हणाले, "आवं मास्तर, सा पाती लय दाट हुत्यात. तिकडलं पानी सोवळं आसंल. आपली नदी समदं घिऊन येती. दोन पात्यांच्या मदी अडकून बसतंय. पाच केली तर वाट मोकळी हुती. लिवा की त्यास्नी."

मी डेव्हिएशन फॉर्म काढला. त्यांनी मागच्या बाजूला पेन्सिलने पाच पात्यांचा पंखा काढला. कंपास न घेता काढलेला, पण असा गोल की मी मागून कंपास लावून पाहिला आणि तो परत पेटीत ठेवला. खाली सही केली, मराठीत, एकेक अक्षर कोरून. मग मी फॉर्म पुढे भरायला लागलो. त्यात आकडेमोडीचं पान जोडायला सांगितलं होतं. आकडेमोड कसली, तेच मला कळेना. कुणाला विचारलं तर मला कळत नाही हे बाहेर फुटेल. म्हणून मी फॉर्म कपाटाच्या तळच्या कप्प्यात ठेवला. जर्मनांना त्रास द्यायला नको, असं त्या वेळी मनात म्हणालो. आपल्या भित्रेपणाला मी नेहमी सौजन्याचे कपडे घालतो.

थोड्या दिवसांनी मिस्त्रींनी साहेबांना तोंडीच विचारलं. साहेब खिडकीबाहेर अजिंक्यताऱ्याकडे बघत म्हणाले, चालू दे. एवढंच. त्या दिवसापासून कारखान्यात पंप पाच पात्यांचे निघायला लागले आणि माझ्या अहवालात ते सहाचेच राहिले. परत येणाऱ्या बैलगाड्या थांबल्या. मी दर सहा महिन्यांनी लिहीत होतो, सर्व काही ड्रॉइंगप्रमाणे. माझ्या आयुष्यातलं सर्वांत शुद्ध इंग्रजी त्या वाक्यात आहे.

मग जर्मनीला जाणारा पहिला कारागीर निवडायची वेळ आली, आणि नाव मिस्त्रींचंच निघालं. पलीकडून संमतीही आली. त्यांचा पासपोर्टचा अर्ज मी भरला, फौजी भावाने गरम कोट पाठवला, तो साताऱ्यात शिंप्याकडून बाह्या आखडून घेतला. दुसऱ्या कुणाला विमानाचं किंवा परदेशाचं कौतुक वाटलं असतं. ह्या माणसाला तिथं जाऊन एकच गोष्ट विचारायची होती. ती ते मला रोज सांगत. "त्येंनी सा केली म्हंजे काय तरी इचार करूनच केली आसत्याल. सा का, ह्ये इचारायचंय. आणि माजी पाच दावायची हायत. मग त्यो काय म्हंतो बगायचं. बास."

त्यांना तयार करायचं काम माझ्याकडे आलं. मी एक जर्मन शिकवणारं पुस्तक मागवलं होतं, त्याचे दोन धडे माझे झाले होते. ते दोन धडे मी त्यांना शिकवले. नमस्कार, आभार, माझं घर मोठं आहे. त्यांनी विचारलं, 'सहाच का' हे कसं म्हणायचं? मी म्हणालो, ते तिसऱ्या धड्यात येतं. रोज विचारायचे, तिसरा धडा कवा? मी म्हणायचो, आधी दुसरा पक्का करा. त्यांचं घर दोन खोल्यांचं होतं, पण माझं घर मोठं आहे हे ते पॅटर्न घासताना तासन् तास म्हणत.

जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना काट्याचमच्याने जेवायला बसवायचो. कँटीनमध्ये सगळी फौंड्री भोवती जमायची. भाकरी सुरीने कापत नाहीत हे मला तोवर ठाऊक नव्हतं, कारण सुरीने मीही कधी काही खाल्लेलं नव्हतं. भाकरी ताटातून उडून दुसऱ्याच्या अंगावर जायची. लोक पोट धरून हसायचे. मी त्यांच्या खांद्यावरून हात घेऊन मान आणखी ताठ करायला लावायचो, म्हणजे आणखी हसू यायचं. एकदा एका ओतकऱ्याने म्हटलं, मिस्त्री, तिकडं टॉयलेटात पाणी नसतं, कागुद आसतो, त्यो बी सरावून घ्या. मी त्याच्यापेक्षा मोठ्याने हसलो. मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी भाकरीचा तुकडा परत ताटात घेतला, काटा धरला आणि मला विचारलं, "आसंच का, मास्तर?"

तेवढ्यात खंडेनवमी आली.

आमच्याकडे त्या दिवशी कारखान्यात हत्यारांची पूजा होते. लेथ धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून. हातोडे, फाईली, पकडी, सगळी ओळीने मांडून हळदीकुंकू वाहतात. ज्याचं जे हत्यार त्याने ते मांडायचं. मी एकटाच रिकाम्या हाताने उभा. कुणीतरी विचारलंच, मास्तर, तुमचं हत्यार कुठाय? पेन मांडलं असतं तर काम भागलं असतं. पण मला वाटलं, माझं खरं हत्यार कपाटात आहे. मी जानव्याची किल्ली काढली, कपाट उघडलं, आणि पंख्याचं अस्सल जर्मन ड्रॉइंग, ज्याच्यावर तिकडचा लाल शिक्का होता, ते काढून प्लायवूडच्या तुकड्यावर टाचून मधोमध उभं केलं. त्याच्या चारी कोपऱ्यांना हळदीकुंकवाची बोटं ओढली. मधोमध एक थेंब जरा ओघळला, पण तोही मला शोभून दिसला.

ड्रॉइंगसमोर काय ठेवायचं? कारखान्यातली सर्वांत देखणी वस्तू. मिस्त्रींचा पंखा. लोखंडाचा, घासून चकचकीत केलेला, एका बाजूने उघडा, पाती स्पष्ट दिसणारा. त्यावर मी स्वतः झेंडूचं फूल ठेवलं. पोवई नाक्यावरच्या स्टुडिओतून फोटोग्राफर बोलावला. मी टाय बांधून पुढे, शेजारी मिस्त्री हात जोडून, मागे सगळी फौंड्री. गेट उघडंच होतं. आजूबाजूच्या वर्कशॉपमधली माणसंही दर्शनाला येऊन गेली, ड्रॉइंगच्या पाया पडून गेली.

त्या सहामाहीच्या अहवालाबरोबर मी तो फोटो पाठवून दिला. सोबत लिहिलं, आमच्या देशात आपल्या ड्रॉइंगला देवासमान मानलं जातं. हे वाक्य मी वाईला नेऊन वडिलांना वाचून दाखवलं होतं.

उत्तर यायला दोन महिने लागले. निळ्या पाकिटात आमचाच फोटो परत आलेला. पंख्याभोवती लाल पेन्सिलने वर्तुळ. पत्रात लिहिलं होतं की सुंदर समारंभाबद्दल आभार. आम्ही भिंगातून पाती मोजली. ती पाच आहेत. ड्रॉइंगमध्ये सहा आहेत. तसंच अस्सल ड्रॉइंग खुल्या जागी मांडलेलं दिसतं आणि त्यावर पिवळा पदार्थ लावलेला दिसतो. आमचा इंजिनिअर येऊन पाहणी करेल, तोवर करार चालू ठेवावा की नाही यावर विचार चालू आहे.

साहेबांनी मला बोलावलं. माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, बदलाबद्दल काही कागद आहे का? मी म्हणालो, बघतो. ते म्हणाले, बघू नका. मग खिडकीकडे वळले. "दीडशे माणसं आहेत इथं," ते म्हणाले. "करार राहिला तर एक जाईल. नाही राहिला तर सगळी. आणि कार्यालयाला माहीत होतं असं निघालं तर करार राहणार नाही."

कार्यालय म्हणजे ते आणि मी. त्या वाक्याचा अर्थ मला लगेच कळला. पंपाबद्दल मला कधीच काही लगेच कळलं नव्हतं.

जर्मन इंजिनिअर आला. लांब पायांचा, सभ्य माणूस, खुर्चीत बसताना विचारून बसायचा. चौकशी साहेबांच्या खोलीत झाली. मिस्त्री उभे, अंगात तोच आखडलेल्या बाह्यांचा कोट. त्यांना वाटलं होतं, जर्मन त्यांना भेटायला आलाय. दुभाषी मी.

पाती कुणी बदलली, असं विचारलं. मिस्त्री म्हणाले, म्या. मान ताठ करून, मी कँटीनमध्ये शिकवली होती तशी.

इंजिनिअरने विचारलं, कार्यालयाला लेखी कळवलं होतं का? मी ते मराठीत सांगितलं. मिस्त्री म्हणाले, "व्हय की. मास्तरांकडं कागद दिलाय, सही करून. माज्या हातानं चित्र काडून."

मी इंग्रजीत सांगितलं, तो म्हणतो, नाही. त्याला कळवावं लागतं हे माहीत नव्हतं.

साहेब अजिंक्यतारा बघत होते.

मिस्त्री माझ्याकडे वळले. "आता माजं इचारा, मास्तर. तिसरा धडा झाला न्हाई, तवा तुमीच इचारा. साच का? आणि म्हणावं, माज्या पाचात काय चुकलं आसंल तर सांगा, म्या सुदारतो."

इंजिनिअर पुढे झुकून बघत होता. तो काय म्हणतोय, म्हणाला. त्याला खरंच ऐकायचं होतं.

मी म्हणालो, तो तुमची क्षमा मागतोय. म्हणतोय, त्याला पाच मुलं आहेत.

पाच हा आकडा माझ्या तोंडून कसा निघाला देव जाणे. मिस्त्रींना दोनच मुली होत्या. इंजिनिअरचा चेहरा मऊ झाला. त्याने सावकाश मान हलवली, उठून मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला आणि जर्मनमध्ये काहीतरी म्हणाला, ते कुठल्याच धड्यात नव्हतं. मग टेबलावरचा तो पंखा पुरावा म्हणून स्वतःच्या बॅगेत घातला.

मिस्त्री फौंड्रीत गेले ते हसतच. त्यांनी सगळ्यांना सांगितलं, जर्मनानं मानलं. मान हलवली त्यानं, आणि माजा पंका घिऊन चाललाय तिकडं. त्यांनी सगळ्यांना चहा पाजला. मलाही कप आला. मी प्यालो.

दुसऱ्या दिवशी त्यांना कामावरून काढल्याचं पत्र दिलं. साहेबांनी मसुदा माझ्याकडून करून घेतला होता, आणि मराठी म्हटलं की मला राहवत नाही. गंभीर शिस्तभंग, विश्वासाला तडा, नाइलाजास्तव. स्वच्छ प्रत मी हाताने लिहिली. मिस्त्रींनी ती दोनदा वाचली. वाचताना त्यांचे ओठ हलत होते.

"अक्षर सुरेक हाय, मास्तर," ते म्हणाले.

मी थँक्यू म्हणालो.

करार टिकला. तीन महिन्यांची जागा त्या वर्षी वापरली नाही तर रद्द झाली असती, म्हणून साहेबांनी मला पाठवलं. तिथं मला सर्दी झाली, बटाटे खाऊन पोट बिघडलं, आणि माझं घर मोठं आहे हे मी अनेकांना सांगितलं. एके दिवशी मला पॅटर्न शॉपमध्ये नेलं. तिथं भिंतीवर आमचा खंडेनवमीचा फोटो फ्रेम करून लावला होता, टाय घातलेला मी पुढे. एक म्हातारा कारागीर आमचा पंखा हातात घेऊन खिडकीजवळ बसला होता. पात्याच्या बुडाशी तो अंगठा फिरवत होता. त्याने दुभाष्याकडून मला विचारलं, तुमच्या माणसाने पाचच का केली?

मला वाळू आठवली नाही, पाला आठवला नाही, उंब्रजचा पंपावर बसलेला शेतकरीही आठवला नाही. मी म्हणालो, आमच्याकडे पाच हा आकडा शुभ मानतात.

म्हाताऱ्याने आदराने मान डोलावली आणि कागदावर टिपून घेतलं.

परत येऊन सहा-सात महिने झाले असतील, नवं ड्रॉइंग आलं. उष्ण देशांसाठी सुधारित पंखा, नवा क्रमांक, नवा लाल शिक्का. पाती पाच. मी ते रजिस्टरला चढवलं. चढवताना एक गोष्ट दिसली. पाती जिथं चकतीला मिळतात तिथल्या कोपऱ्याला गोलवा दिला होता आणि त्याची त्रिज्या लिहिली होती, अकरा मिलिमीटर. मला तो कोपरा माहीत होता. मिस्त्री पॅटर्नच्या कोपऱ्यात मेण भरत आणि अंगठ्याने दाबत पुढे जात. जर्मनांनी त्यांचा अंगठा मोजला होता.

नव्या ड्रॉइंगबरोबर पत्रही होतं. सांगलीत एक छोटा कारखानदार आपल्या ड्रॉइंगप्रमाणे पंखे बनवून विकतो असं कळतं, करारानुसार ड्रॉइंगचं रक्षण तुम्ही करायचं, त्याला नोटीस द्यावी आणि पॅटर्न ताब्यात घ्यावेत. त्यांना कळलं कुठून? माझ्याच अहवालातून. त्यात मी अभिमानाने लिहिलं होतं की आपल्या पंख्याला सांगलीपर्यंत मागणी आहे, तिथं तर एकजण तसेच पंखे बनवून विकतो.

मी एस.टी.ने सांगलीला गेलो. माधवनगर रस्त्याच्या बाजूला एक पत्र्याची शेड होती. दारात भुश्याचा ढीग, आत मिस्त्री, तोच कोट एका खिळ्याला टांगलेला. धाकटी मुलगी त्यांना वाळू चाळून देत होती. मला बघून त्यांनी तिला चहा आणायला पिटाळलं आणि स्टूल पुसून दिलं.

मी नोटीस पुढे केली. इंग्रजीत होती.

"वाचून दावा," ते म्हणाले. "ह्या बारीला नीट."

मी विचारलं, म्हणजे?

"त्यो साहेब मान हलवत हुता. वरीसभर त्येच डोळ्याम्होरं येतंय. कुनी काय इचारलं म्हंजे मानूस आशी मान हलवत न्हाई. मापी मागितल्यावर हलवतो."

मग मी नोटीस वाचली. प्रत्येक वाक्य आधी इंग्रजीत आणि मग मराठीत, काही न गाळता. ह्या पंख्याचं ड्रॉइंग अमुक कंपनीच्या मालकीचं आहे. आपण ते बेकायदा वापरत आहात. ते ऐकत होते आणि हातातल्या पॅटर्नच्या कोपऱ्यावर अंगठा फिरवत होते. संपल्यावर म्हणाले, "तिकडं गेलता म्हनं. इचारलंसा का?"

मी म्हणालो, मी नाही विचारलं. त्यांनीच मला विचारलं, पाच का.

मिस्त्री जागेवरून उठले. इतक्या झटकन की मला वाटलं मारतात. "म्हंजे त्यास्नी बी प्रश्न पडला? कुनी इचारलं? पॅटर्नवाल्यानं?"

हो म्हणालो. म्हातारा होता, खिडकीत बसून अंगठा फिरवत होता.

"मग तुमी काय सांगिटलंसा?"

खोटं बोलता आलं असतं. मला सराव होता. पण नीट सांगा म्हटलं होतं, म्हणून सांगितलं. आमच्याकडे पाच शुभ मानतात.

ते परत खाली बसले. मुलगी चहा घेऊन आली, कप ठेवून गेली. त्यांनी सहा का हे विचारायला पासपोर्ट काढला होता, काट्याने भाकरी खाल्ली होती. आणि पलीकडे एक माणूस पाच का म्हणून विचारत होता. मधे मी होतो.

"चा घ्या," ते म्हणाले. "निवंल."

पॅटर्न त्यांनी स्वतःच वर्तमानपत्रात गुंडाळला, सुतळीने बांधला. मग म्हणाले, पोचपावती द्या. मी खिशातून कागद काढला. त्यांनी सांगितलं तसं लिहायला लावलं: पाच पात्यांच्या पंख्याचा लाकडी पॅटर्न, ह्यांनी स्वतःच्या डोक्यानं केलेला, ह्यांच्याकडून मिळाला. मी त्यांचं नाव घातलं, खाली सही केली. त्यांनी ती घडी करून कोटाच्या खिशात ठेवली. कारण विचारायची माझी छाती झाली नाही. त्यांचा तो पेन्सिलचा फॉर्म अजून माझ्या कपाटात आहे हेही मी सांगितलं नाही, आणि त्यांनीही तो मागितला नाही.

एस.टी.त पॅटर्न मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्या बाईंनी विचारलं, काय मूर्ती हाय काय? मी म्हणालो, होय. त्यांनी पाया पडण्यासाठी हात पुढे केला, आणि मी तो लावू दिला.

करारात जप्त केलेल्या वस्तू नष्ट करायचं कलम होतं, साक्षीदारांसमोर आणि फोटो काढून. फौंड्रीच्या अंगणात सगळे जमले. पोवई नाक्याचाच फोटोग्राफर. मी टाय बांधून पुढे. सागाचं लाकूड बऱ्याच वेळाने पेटलं. जे मिस्त्रींना भाकरीवरून हसले होते, ते सगळे मागे उभे होते आणि कुणी हसत नव्हतं. त्याच दिवशी आत लेथवर नव्या ड्रॉइंगप्रमाणे, परवानगीने, पाच पात्यांचा पंखा बनत होता.

फोटो पाठवण्याआधी ह्या वेळी मी भिंगातून नीट पाहिला.

तरी पत्र आलंच. पंधरा दिवसांत. आभार मानले होते, आणि विचारलं होतं की जळत असलेली वस्तू पाच पात्यांचीच होती ना, कारण धुरामुळे चारच मोजता येतात. कृपया लेखी खात्री करावी.

मी कपाट उघडलं. तळच्या कप्प्यातून मिस्त्रींचा फॉर्म काढला, मागच्या चित्रावरची पाती एकेक करून बोटाने मोजली, फॉर्म परत ठेवला, कुलूप लावलं आणि इंग्रजीत लिहिलं: पाच. सर्व काही ड्रॉइंगप्रमाणे.